टिळक रोडजवळचा समुद्राखालच्या ज्वालामुखींवरचा वीकेंड कोर्स: करावा का?

ज्यांना फक्त रेटिंग बघून पुढे जायचंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा स्टार कार्बनच्या सेशनसाठी कापलाय, त्याबद्दल खाली लिहिलंय. बाकी पुण्यात राहून, नोकरी सांभाळून, जिऑलॉजीची डिग्री नसताना एवढं खोलात जाऊन कोणी शिकवत असेल तर मला तरी दुसरी जागा माहीत नाही.

माझं बॅकग्राउंड सांगतो म्हणजे रिव्ह्यू कुठल्या बाजूने लिहिलाय ते कळेल. मी चाकणला गाड्यांच्या एसीचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे कंडेन्सर आणि पाईप हेलियमने लीक टेस्ट होतात, पार्टच्या आत हेलियम भरायचा, बाहेरून व्हॅक्यूम ओढायचा, आणि हेलियम बाहेर आला की मशीन पकडते. ते मशीन म्हणजे आतून एक छोटा मास स्पेक्ट्रोमीटरच असतो (अणूंना वजनानुसार वेगळं करून मोजणारं यंत्र), वस्तुमान ४ वर, म्हणजे हेलियमवर, लावून ठेवलेला. वर्षानुवर्षं तो डिस्प्लेवरचा आकडा बघतोय, पण हा गॅस मुळात पृथ्वीच्या पोटात कुठून आला, तो समुद्राच्या तळातून अजून बाहेर पडतोय, आणि त्यावरून शास्त्रज्ञ पार मॅन्टलचा (पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थराचा) इतिहास काढतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. व्हॉट्सअॅपवर कोर्सचं पोस्टर आलं, त्यात हेलियम हा शब्द दिसला आणि मी नाव नोंदवलं.

शिकवणाऱ्या मॅडम रिटायर्ड आहेत, आयुष्य नोबल गॅसच्या (हेलियम, निऑन, आर्गॉन, झेनॉन असे कशाशीच रिअॅक्शन न करणारे वायू) लॅबमधे आणि संशोधन जहाजांवर गेलेलं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, पोस्टरवर आहेच. मराठीतून शिकवतात, टेक्निकल शब्द इंग्रजीच ठेवतात, आणि कोणीही मधे थांबवून विचारलं तरी चालतं. बॅचमधे जिऑलॉजीची कॉलेजची मुलं होती, बँकेतून रिटायर झालेले दोन काका होते, आणि एक आजी होत्या ज्या पहिल्या बाकावर बसून सगळ्यात जास्त प्रश्न विचारायच्या.

सुरुवातच मस्त होती. उद्रेकाचे व्हिडिओ वगैरे काही नाही, पहिल्याच दिवशी बोर्डवर एकच प्रश्न लिहिला, "हा गॅस कुठला?" आणि मग शेवटच्या सेशनपर्यंत प्रत्येक विषय त्याच प्रश्नाला येऊन मिळायचा. समुद्राखालच्या ज्वालामुखीतून बुडबुडे येतायत, ठीक आहे, पण त्यातला किती मॅन्टलमधून आलाय, किती पृथ्वीच्या पोटात सरकत गेलेल्या जुन्या सागरी तळातून, किती नुसतं समुद्राच्या पाण्यात विरघळलेली हवा आहे, आणि किती तुमच्याच बाटलीत, तुमच्याच लॅबमधे शिरलेली हवा आहे. हे वेगळं काढता येत नसेल तर पुढच्या सगळ्या गोष्टी हवेतल्या. मला कोर्समधलं सगळ्यात जास्त हेच आवडलं, बहुतेक ठिकाणी निष्कर्ष सांगतात आणि मोजमाप गाळतात, इथे बरोबर उलटं होतं.

हेलियमचं थोडक्यात सांगतो. दोन प्रकार असतात, हेलियम-३ आणि हेलियम-४. हेलियम-४ पृथ्वीच्या आत रोज तयार होतोय, युरेनियम आणि थोरियम फुटताना जे अल्फा कण निघतात तेच म्हणजे हेलियम-४, युरेनियम-२३८ चा एक अणू शिशापर्यंत पोचेस्तोवर असे ८ कण सोडतो. हेलियम-३ मात्र जवळजवळ सगळा जुना माल, पृथ्वी बनली तेव्हा आत अडकलेला. म्हणून हेलियम-३ भागिले हेलियम-४ हे गुणोत्तर बघितलं की गॅसचा पत्ता लागतो. मोजायचं माप म्हणून आपली हवा १ धरतात. खंडाच्या जुन्या ग्रॅनाईटी कवचातून आलेला गॅस ०.०२ च्या आसपास, कारण तिथे युरेनियम-थोरियम भरपूर. समुद्राच्या मधोमध जे कणे आहेत, जिथे तळ फाटून नवीन बसाल्ट वर येतो, तिथे कुठल्याही महासागरात जा, साधारण ८. आणि हवाई, आईसलँड, रियुनियन अशा हॉटस्पॉटवर (जिथे खोलातून गरम मॅन्टल वर येतो असं मानतात) त्याहून जास्त, हवाईच्या समुद्राखालच्या लोईहीवर ३० च्या घरात. (लोईहीचं अधिकृत नाव २०२१ पासून कामाएहुआकानालोआ आहे, मॅडम दोन्ही नावं वापरायच्या.)

आता हे मोजणं किती अवघड आहे बघा. हवेतल्या दर दहा लाख रेणूंमागे हेलियमचे जेमतेम ५, आणि त्या हेलियमच्या दर दहा लाख अणूंमागे हेलियम-३ चे १.४. त्यात भर म्हणजे वस्तुमान ३ वर हेलियम-३ एकटा बसलेला नसतो, हायड्रोजन आणि ड्युटेरियमची (जड हायड्रोजनची) जोडी पण तिथेच येते, ३.०१६ आणि ३.०२२ एवढाच फरक. आमच्या कंपनीतल्या मशीनला हे दोन्ही एकच दिसतील. नोबल गॅसच्या लॅबमधला स्पेक्ट्रोमीटर हे दोन वेगळे दाखवू शकतो म्हणून तर तो एवढा महाग आणि एवढा नाजूक. हा भाग चालू असताना मॅडमनी मला उभं केलं, "तुम्ही लीक टेस्टवाले ना, मग बॅकग्राउंड म्हणजे काय ते तुम्हीच सांगा यांना." मी सांगितलं, की पार्ट न लावता मशीन जो आकडा दाखवते तो बॅकग्राउंड, तो आधी लिहून ठेवल्याशिवाय पुढचा आकडा वाचायचा नाही. त्या म्हणाल्या बरोब्बर हेच, आम्ही त्याला ब्लँक म्हणतो, आणि ब्लँक न सांगता कोणी आकडा दिला तर तो पेपर बाजूला ठेवायचा. त्या दिवशी मला हा विषय आपलासा वाटला.

मग समुद्रातून गॅस आणायचा कसा यावर एक पूर्ण सेशन होतं. हेलियम काचेतून आणि प्लास्टिकमधून हळूहळू पसार होतो, म्हणून पाण्याचा नमुना जहाजावर आला की लगेच तांब्याच्या नळीत भरून नळीची दोन्ही टोकं दाबून बंद करतात. गरम झऱ्यांच्या तोंडाशी टायटॅनियमच्या गॅस-टाईट बाटल्या लागतात, नाहीतर वर येताना दाब कमी होतो आणि गॅस सुटतो. मॅडमनी तांब्याची दाबलेली नळी आणली होती, ती सगळ्यांच्या हातात फिरली. मी तर ते क्रिंप, म्हणजे दाबून बंद केलेलं टोक, बराच वेळ बघत होतो, काम एकदम सुबक.

खडकाची गोष्ट वेगळी. खोल पाण्यात लाव्हा बाहेर आला की थंड पाण्याने त्याची वरची साल क्षणात काचेसारखी गोठते, आणि वरून शेकडो वातावरणांचा दाब असतो (एक वातावरण म्हणजे आपल्यावरच्या हवेचा दाब), दर १० मीटरला एक वातावरण, म्हणजे अडीच हजार मीटरवर २५०. एवढ्या दाबाखाली गॅस सगळा सुटत नाही, काही काचेत विरघळलेला राहतो, काही बारीक बुडबुड्यांत अडकतो. अटलांटिकच्या कण्यावर १४ अंश उत्तरेच्या आसपास असे खडक मिळाले की जहाजाच्या डेकवर आणल्यावर ते फट्‌ फट्‌ आवाज करत तडकायला लागले, आतल्या गॅसच्या दाबाने. त्यांना पॉपिंग रॉक म्हणतात, आणि कण्याखालच्या मॅन्टलमधला गॅस कसा आहे याबद्दलचं कितीतरी ज्ञान या मूठभर खडकांवर उभं आहे. लॅबमधे असा तुकडा व्हॅक्यूममधे ठेवून ठेचतात, वितळवत नाहीत, कारण ठेचल्यावर बुडबुड्यातला मूळ गॅस सुटतो आणि खनिजाच्या जाळीत नंतर तयार झालेला हेलियम बऱ्यापैकी मागे राहतो. एकदम नाही ठेचायचं, थोडं थोडं, आणि दर वेळचा गॅस वेगळा मोजायचा. हे का, ते निऑनच्या सेशनला कळलं.

त्याआधी इतिहासाचं एक सेशन झालं, ते पण छान होतं. १९६९ साली क्लार्क, बेग आणि क्रेग या तिघांनी पॅसिफिकच्या खोल पाण्यात हवेच्या हिशोबापेक्षा जास्त हेलियम-३ आहे हे दाखवलं, म्हणजे पृथ्वी अजून आपला जुना गॅस सोडतेय. समुद्राच्या तळावरचे गरम झरे माणसाने डोळ्यांनी बघितले ते त्यानंतर, १९७७ मधे गालापागोसजवळ, अल्विन पाणबुडीतून. म्हणजे गॅसने आधी सांगितलं, डोळ्यांनी मागून बघितलं. १९८१ मधे लप्टन आणि क्रेग यांनी ईस्ट पॅसिफिक राईजवरून, १५ अंश दक्षिणेला, अडीच हजार मीटर खोलीवर हेलियम-३ चा एक पट्टा पश्चिमेकडे २००० किलोमीटर पसरलेला दाखवला. तो नकाशा स्क्रीनवर आला तेव्हा हॉलमधे कोणी बोलत नव्हतं. विरघळलेला, रंग नाही, वास नाही, कशाशी रिअॅक्शन करत नाही, आणि तरी हजारो किलोमीटरवर सापडतो. या गॅसचा उपयोग करून आता खोल समुद्रातलं पाणी कुठून कुठे वाहतं तेही काढतात.

इथे मॅडमनी विजयदुर्गाचा विषय काढला, कारण बॅचमधल्या एका काकांनी विचारलंच, की हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला ना? आपल्याकडे हे शाळेपासून ऐकलेलं असतं. त्यांनी शांतपणे क्रम सांगितला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमधे इंग्लंडमधूनच सूर्याच्या वर्णपटात हेलियमची ती पिवळी रेषा बघितली. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ मधे, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना, युरेनियमच्या एका खनिजात. काका थोडे हिरमुसले पण मॅडमनी लगेच सांगितलं की विजयदुर्गाचा १८९८ चा कॅम्प खरा आहे, मोठा होता, त्याबद्दल अभिमान वाटायलाच पाहिजे, फक्त वर्ष बरोबर सांगा. मला हे फार पटलं. आणि रॅम्झींचा हेलियम युरेनियमच्या खनिजातच का सापडला हे तोपर्यंत सगळ्यांना आपोआप कळलेलं होतं.

आता निऑन, आर्गॉन, झेनॉन. हे कोर्सचं काळीज आहे आणि सगळ्यात अवघडही आहे. हेलियम हवेत इतका कमी आहे (हलका असल्यामुळे तो अवकाशात निसटतो) की नमुन्यात थोडी हवा शिरली तरी फारसं बिघडत नाही. निऑन आणि आर्गॉनचं तसं नाही, हवेत आर्गॉन जवळजवळ १ टक्का आहे, खडकाच्या एका बारीक भेगेत जरी हवा किंवा समुद्राचं पाणी गेलं तरी आकडा खोटा. म्हणून ते थोडं थोडं ठेचणं. हवेत निऑन-२० आणि निऑन-२२ चं गुणोत्तर ९.८. ठेचत जाताना प्रत्येक पायरीला वेगळा आकडा येतो, काही हवेच्या जवळ, काही लांब, पण निऑन-२१ आणि निऑन-२२ च्या गुणोत्तरासमोर ग्राफवर टाकले की सगळे एका सरळ रेषेवर येतात, एक टोक हवा आणि दुसरं टोक मॅन्टल. कण्यांच्या खडकांत हा आकडा १२.५ पर्यंत जातो, सूर्याकडच्या आकड्याच्या दिशेने. म्हणजे मॅन्टलमधे जो निऑन आहे तो हवेतल्या निऑनसारखा नाहीच, सूर्यमाला बनतानाचा आहे. १९९१ मधे हवाईच्या नमुन्यांत हे स्पष्ट दिसलं. आणि हॉटस्पॉटची रेषा कण्याच्या रेषेपेक्षा उभी असते, कारण निऑन-२१ खडकात तयार होत राहतो आणि कण्याखालच्या मॅन्टलमधे मूळ निऑन कमी उरल्यामुळे त्याचा वाटा जास्त दिसतो. घाणेरड्या नमुन्यातून सुद्धा खरा आकडा काढायची ही पद्धत मला अत्यंत आवडली, आमच्याकडे बॅकग्राउंड वाढला की मशीन बंद करून साफ करतात, इथे समुद्राच्या तळाला साफ करता येत नाही म्हणून हिशोबानेच साफ करतात.

आर्गॉन पटकन झाला. हवेत आर्गॉन-४० आणि ३६ चं गुणोत्तर ३०० च्या थोडं खाली, कण्यांच्या चांगल्या नमुन्यांत ते दहा हजारांच्या पटीत, कारण पोटॅशियम-४० फुटून आर्गॉन-४० साचत गेला आणि मूळ आर्गॉन आधीच उडून गेलेला.

झेनॉनला मात्र मॅडमनी हवा तेवढा वेळ घेतला आणि बरं केलं. आयोडीन-१२९ नावाचा एक अणू होता, त्याचं अर्धायुष्य १.६ कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे पृथ्वी बनल्यावर पहिल्या दहाएक कोटी वर्षांत तो संपलाच. तो फुटून झेनॉन-१२९ होतो. त्यामुळे आज दोन ठिकाणच्या मॅन्टलमधे झेनॉन-१२९ चा हिशोब वेगळा लागला, आणि तो फरक हवा मिसळून समजावता येत नसेल, तर ते दोन भाग पृथ्वीच्या अगदी बालपणात वेगळे झाले आणि नंतर पूर्ण मिसळलेच नाहीत, दुसरा अर्थ निघत नाही. २०१२ मधे भू-रसायनशास्त्रज्ञ सुजॉय मुखोपाध्याय यांनी आईसलँडच्या एका काचेच्या नमुन्यावरून हेच मांडलं, हा लाव्हा हिमनदीखाली गोठलेला होता म्हणून त्यात गॅस टिकला. ४४५ कोटी वर्षांपूर्वीच कण्याखालचा आणि आईसलँडखालचा मॅन्टल वेगळे झाले होते. पहिल्या बाकावरच्या आजींनी विचारलं, "एवढी वर्षं खाली सगळं ढवळतंय म्हणता, मग मिसळलं कसं नाही?" मॅडम म्हणाल्या, "आजी, हाच प्रश्न आम्ही पण विचारतोय." आणि मग तासभर त्यावरच चर्चा झाली, संकल्पना कुठल्या कुठल्या आहेत, कुठलीत काय अडतं. हॉटस्पॉटच्या खाली जास्त हेलियम-३ वाला, आतला गॅस फारसा न निसटलेला खोल मॅन्टल आहे असं म्हणायचं, तर मग हॉटस्पॉटच्या लाव्हात प्रत्यक्ष हेलियम कण्यांच्या लाव्हापेक्षा कमी का मिळतो? वर येताना आधीच गॅस सुटला म्हणून, हे एक उत्तर. का मुळात युरेनियम-थोरियमच कमी होतं म्हणून गुणोत्तर जास्त राहिलं, हे दुसरं. आणि कॅनडाच्या बॅफिन बेटावरच्या जुन्या लाव्हात २०२३ मधे हवेच्या ६७ पट गुणोत्तर मिळालं तेव्हापासून, थोडा हेलियम थेट पृथ्वीच्या गाभ्यातून येत असेल का, ही शक्यता जोरात चर्चेत आहे. मॅडमनी स्वतःचं मत सांगितलं पण ते मत म्हणूनच सांगितलं.

पुण्याशी याचा संबंध काय, तर चांगलाच आहे, आणि एक दिवस त्यासाठी सिंहगडाच्या बाजूला नेतात. आपण ज्या काळ्या दगडावर राहतो तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बसाल्ट, आणि दख्खनचा हा लाव्हा ज्या हॉटस्पॉटवर आला असं मानतात तो आज रियुनियन बेटाखाली आहे, भारत उत्तरेला सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, चागोस, मॉरिशस अशी माळ राहिली. रियुनियनच्या खडकांत आज हेलियमचं गुणोत्तर १२-१३. आणि १९९३ मधे राजस्थानातल्या मुंडवारा आणि सरनू-दंडाली इथल्या, दख्खनच्या मुख्य लाव्हाच्या थोड्या आधीच्या खडकांत जवळजवळ १४ मिळालं. घाटात रस्ता कापलेल्या दरडीत मॅडमनी बुडबुड्यांच्या पोकळ्या दाखवल्या, पांढऱ्या झिओलाईटने भरलेल्या, आणि बजावून सांगितलं की ही खनिजं नंतरच्या पाण्याने भरलीत, मूळ गॅस इथून कधीच गेला, कारण आपला लाव्हा उघड्या जमिनीवर आला, वर फक्त एका वातावरणाचा दाब. याच गॅससाठी मग लोकांना समुद्राच्या तळाशी जावं लागतं. पोकळ्यांवरून हात फिरवताना हे ऐकलं की डोक्यात बसतं. फिल्डचा दिवस मे महिन्याच्या बॅचला ठेवू नये असं मात्र वाटतं, दरडीसमोर उभं राहून ऊन सहन होत नाही, आजींसाठी गाडी तिथपर्यंत नेली हे चांगलं केलं.

आता तक्रार. कार्बन डायऑक्साईड आणि सल्फरचं सेशन एकाच बैठकीत कोंबलं आणि शेवटचा अर्धा तास नुसत्या स्लाईड पळवल्या. हे मला खरंच खटकलं कारण सामान्य माणसाला सगळ्यात जास्त याचीच गरज आहे. बघा ना, कण्यांच्या बसाल्टमधे हेलियम-३ च्या एका अणूमागे कार्बन डायऑक्साईडचे साधारण २०० कोटी रेणू असतात. जगातल्या सगळ्या सागरी कण्यांतून वर्षाला निघणारा हेलियम-३ म्हणजे जेमतेम दीड ते तीन किलो, एवढुसा, पण तो मोजता आला म्हणून त्यावरून कार्बन डायऑक्साईड किती निघतो ते काढता येतं, आणि ते येतं वर्षाला काही कोटी टन. माणूस जाळून सोडतो ते ३५०० कोटी टनांच्या वर. "ज्वालामुखीच जास्त धूर सोडतात" म्हणणारे नातेवाईक प्रत्येकाच्या घरी आहेत, त्यांना द्यायला यापेक्षा चांगलं उत्तर नाही, आणि ते उत्तर कसं काढलं ते सावकाश शिकवायला पाहिजे होतं. लाव्हा वर येताना कार्बन डायऑक्साईड सगळ्यात आधी सुटतो, मग उरलेल्या काचेवरून मूळ किती होता हे कसं ठरवतात, हा प्रश्न कॉलेजच्या एका मुलीने विचारला आणि त्याला दोन मिनिटांत गुंडाळलं.

त्याच सेशनमधली मारियाना चापाची (पश्चिम पॅसिफिकमधल्या ज्वालामुखींच्या कमानीसारख्या रांगेची) गोष्ट मात्र फार सुंदर होती. नॉर्थवेस्ट एइफुकू नावाच्या समुद्राखालच्या ज्वालामुखीवर २००४ मधे, सुमारे १६०० मीटर खोलीवर, तळातून द्रवरूप कार्बन डायऑक्साईडचे थेंब वर येताना दिसले. १६० वातावरणांचा दाब आणि गार पाणी, तिथे हा गॅस गॅस राहतच नाही. त्या थेंबांतला हेलियम हवेच्या ७ पटींच्या आसपास, म्हणजे मॅन्टलचा, पण कार्बन बहुतांश खाली गेलेल्या सागरी तळावरच्या चुनखडीचा. एकाच थेंबात दोन पत्ते. कोर्सच्या पहिल्या दिवशीचा प्रश्न इथे जसा समोर आला तसा दुसरीकडे कुठे आला नाही, आणि याला दहा मिनिटं मिळाली.

धोक्याचा भागही घाईत गेला. सँटोरिनीजवळच्या कोलुंबोचा १६५० चा उद्रेक, ज्यात विषारी गॅसने बेटावर ७० च्या आसपास माणसं गेली. १९५२ मधे जपानच्या म्योजिन-शोवर निरीक्षणाला गेलेलं काइयो मारू जहाज ३१ जणांसकट बुडालं. या लोकांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं होतं. टोंगाच्या १५ जानेवारी २०२२ च्या उद्रेकाला वेळ दिला, तो ढग ५७ किलोमीटर उंच गेला आणि समुद्राखालून आल्यामुळे गंधकापेक्षा पाण्याची वाफच प्रचंड, स्ट्रॅटोस्फिअरमधल्या (हवेच्या वरच्या थरातल्या) पाण्यात एका दिवसात १० टक्क्यांच्या आसपास भर पडली. हे छान समजावलं.

हिंदी महासागराचं सेशन आटोपशीर आणि नेमकं. अंदमानचं बॅरन बेट, १९९१ पासून पुन्हा जागं झालेलं. रॉड्रिग्सजवळ तीन कणे मिळतात तिथलं २००० मधे सापडलेलं कैरेई झऱ्यांचं क्षेत्र. मायोटजवळ २०१८ नंतर समुद्राच्या तळावर नव्याने उभा राहिलेला, ८०० मीटरहून उंच फानी माओरे. डिसेंबर २०२४ मधे गोव्याच्या एनसीपीओआर आणि चेन्नईच्या एनआयओटी या सरकारी समुद्र-संशोधन संस्थांनी साडेचार हजार मीटर खोलीवरच्या चालू गरम झऱ्याचा फोटो मिळवला, आणि ३ माणसांना ६००० मीटरवर नेणारी मत्स्य-६००० पाणबुडी बनतेय, हे ऐकून कॉलेजच्या मुलांचे डोळे चमकले. त्यातल्या दोघांनी ब्रेकमधे मॅडमना घेरून अॅडमिशनचं विचारलं.

सोयींबद्दल. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, ज्येष्ठ लोकांनी आधी फोन करून घ्या. पार्किंग मिळत नाही, पीएमटीने या किंवा दुचाकी लांब लावा. प्रोजेक्टर जुना आहे, निऑनच्या ग्राफवरचे रंग मागून ओळखू येत नाहीत म्हणून पुढे बसा. चहा ब्रेकला मिळतो आणि चांगला असतो. नोट्स फक्त इंग्रजीत आहेत, शिकवणं एवढं छान मराठीत आणि नोट्स इंग्रजीत हे बदलायला पाहिजे, मी फीडबॅक फॉर्मवर लिहिलंय आणि मदत करायची तयारी पण दाखवलीय. फी जास्त नाही, विद्यार्थ्यांना सवलत आहे. शिफ्टमधे काम करणाऱ्यांनी विचारून घ्या, मला एका सेशनला सेकंड शिफ्टमुळे जाता आलं नाही तर पुढच्या बॅचबरोबर बसू दिलं.

गणित किती लागतं असं बऱ्याच जणांनी विचारलं, तर गुणोत्तर आणि सरळ रेषेचा ग्राफ कळला की पुरतं. ज्यांना फक्त लाव्हाचे व्हिडिओ बघायचेत त्यांनी जाऊ नये, कंटाळा येईल. ज्यांना एखादा आकडा कसा मिळाला हे समजल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी नक्की जा. निऑनच्या सेशनला जायच्या आधी हेलियमच्या नोट्स एकदा वाचून जा, आणि तांब्याची नळी हातात आली की घाईने पुढे देऊ नका, दाबलेली कड नीट बघा.